घरातल्या तीन चुली

नरकचतुर्दशीची पहाट. अंगणात पणत्या लागलेल्या, तुळशीपाशी कारीट फोडायला मुलांची झुंबड उडालेली आणि न्हाणीतल्या चुलीवर तांब्याचा हंडा कढत झालेला. रत्नागिरीकडच्या घरांतून दिवाळीचा दिवस वर्षानुवर्षे असा उजाडत आला. अंगाला तेल-उटणे लागते, कढत पाण्याचे तांबे डोक्यावर पडतात आणि मग स्वयंपाकघरात पोह्यांची पंगत बसते. दडपे पोहे, गुळाचे पोहे, दह्याचे पोहे. भात नवा, पण हौस जुनीच!

शाळेच्या पुस्तकात उष्णतेचे संक्रमण हा एक धडा असतो आणि अन्नपचन हा दुसरा. पहिल्या धड्यात तांब्याची सळई तापवायची, दुसऱ्यात जठर आणि आतडी यांची आकृती काढून नावे द्यायची. दोन्ही धडे मीही पाठ केले आणि परीक्षा झाल्यावर विसरलो. हे दोन धडे खरे म्हणजे एकच आहेत, हे मात्र मला पुस्तकाने सांगितले नाही. ते भाट्याच्या खाडीपलीकडच्या आमच्या घरात, आजीच्या हाताखाली, पुष्कळ उशिरा उमगले. त्या घरात तीन चुली होत्या. एक मातीची, दुसरी पेंढ्याची आणि तिसरी हाडामांसाची.

मातीची चूल

पहिली चूल सर्वांच्या परिचयाची. तिच्यावर सकाळी पेजेचे भांडे चढत असे. त्या एका भांड्यापाशी बसले तरी उष्णता किती वाटांनी प्रवास करते ते कळते. थंडीच्या दिवसांत आम्ही मुले चुलीपुढे हात पसरून बसत असू. हात जाळाला लागलेले नसत, तरी शेक लागे. मधल्या हवेची वाट न पाहता जाळापासून सरळ आपल्यापर्यंत येते ते प्रारण. सूर्याची ऊबही मधली पोकळी ओलांडून ह्याच वाटेने येते.

भांड्याच्या बुडाची उष्णता कडेपर्यंत चढते ते वहन. धातूमधून हा प्रवास फार जलद होतो, लाकडातून फार सावकाश. म्हणून हंड्याची कडी चटका देते, आणि उकळत्या पेजेत बुडालेल्या करवंटीच्या डवलीचा लाकडी दांडा मात्र खुशाल हाती धरता येतो. तिसरी वाट पेजेतच दिसते. तळचे पाणी तापून हलके होते व वर येते, वरचे थंड पाणी जड म्हणून खाली जाते. तांदळाचे दाणे ह्या येरझारेत सापडतात आणि वरखाली नाचू लागतात. पुस्तकातले अभिसरण ते हेच.

पेजेला उकळी फुटली की आजी दोन लाकडे मागे ओढी आणि भांडे वैलावर सरकवी. एका नव्या सुनेने एकदा उलट जाळ वाढवला, तेव्हा आजी म्हणाली, "अगं, उकळीला उकळी येत नाही. लाकडं तेवढी जातील!" ह्या एका वाक्यात भौतिकशास्त्राचा एक नियम आहे. समुद्रसपाटीला पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते आणि उघड्या भांड्यात ते त्याहून तापत नाही. जास्त दिलेली सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, आणि तो खर्च लहान नाही. बर्फाइतके थंड, म्हणजे शून्य अंशाचे एक ग्रॅम पाणी उकळीपर्यंत आणायला 100 कॅलरी लागतात, आणि त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे 540! मोदकपात्रातली वाफ मोदकावर बसून पुन्हा पाणी होते तेव्हा हाच साठा त्याच्या स्वाधीन करते. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहूनही वाईट भाजतो, त्याचे कारणही तेच.

मग चकली का लाल होते आणि मोदक का पांढराशुभ्र राहतो? मोदकाच्या वाफेचा पारा 100 अंशांशी अडतो. तळणीचे तेल 170-180 अंशांपर्यंत सहज जाते. त्या उष्णतेने चकलीच्या अंगातले पाणी बुडबुड्यांनी निघून जाते आणि पिठातली प्रथिने व शर्करा एकमेकांशी संयोग पावून तो तांबूस रंग व खमंग वास येतो. प्रेशर कुकरची युक्ती वेगळी. तो वाफ कोंडून दाब वाढवतो, त्यामुळे आतले पाणी 120 अंशांच्या आसपास उकळते, आणि तासाची डाळ काही मिनिटांत शिजते.

पण शिजणे म्हणजे तरी काय? तांदळाच्या दाण्यात पिठूळ पदार्थाचे, म्हणजे स्टार्चचे, घट्ट विणलेले कण असतात. 60 ते 80 अंशांच्या दरम्यान हे कण पाणी पिऊन फुगतात व त्यांची वीण सैल होते. कच्चा तांदूळ आपल्या पोटाला जड जातो आणि शिजलेला सोसतो, तो ह्यामुळे. थोडक्यात, चूल ही पचनाची पहिली पायरी आहे. फक्त ती शरीराबाहेर मांडलेली आहे.

कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ करण्याची जी रीत आहे, तिच्यात तर उष्णतेचा आणखी एक उपकार आहे. भात सालीसकट भिजवून, उकडून, वाळवून मग कांडतात. ह्या उकडण्यात कोंड्याजवळचे थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, दाण्याच्या आत मुरते आणि कांडताना कमी वाया जाते. ह्या जीवनसत्त्वाअभावी बेरीबेरी नावाचा घातक रोग होतो. जावा बेटावर आयकमान ह्या डच डॉक्टरला गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, 1890 नंतरच्या दशकात, त्याचा धागा सापडला तो कोंबड्यांमुळे. सडलेल्या पांढऱ्या भातावर वाढलेल्या कोंबड्या लुळ्या पडत आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की उभ्या राहत! 1929 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्याकडच्या लाल उकड्या पेजेला पाहुण्यांपुढे मांडायला पुष्कळदा संकोच वाटे. तो वाटण्याचे काही कारण नव्हते.

पेंढ्याची चूल

दुसऱ्या चुलीत लाकूड नाही, जाळ नाही, धूर नाही. वैशाखात माजघराच्या कोपऱ्यात भाताच्या पेंढ्यावर हापूस आंब्यांचे थर लागत. थरावर पेंढा, पेंढ्यावर थर. हीच आंब्याची अढी. चार-सहा दिवसांनी आजी आत हात घालून म्हणे, "ऊब धरलीय हो." मी हात घाली, तर खरेच ऊन लागे! अंधारात पडलेल्या आंब्यांना कोणी तापवले?

आंबे स्वतःच तापलेले असतात. झाडावरून उतरलेले फळ मेलेले नसते. ते श्वास घेत असते. हवेतला प्राणवायू घेऊन ते आपल्याजवळची साखर मंदपणे जाळते आणि कर्बवायू, पाणी व उष्णता बाहेर टाकते. पिकण्याच्या ऐन काळात हा श्वास फार वाढतो. पेंढ्यात हवा अडकलेली असते, आणि कोंडलेली हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने ऊब बाहेर पडत नाही. त्याच वेळी आंब्यातून एथिलीन नावाचा वायू सुटतो आणि शेजारच्या आंब्यालाही पिकण्याचा इशारा देतो. आत कच्च्या आंब्यातल्या स्टार्चची साखर होत जाते व आंबटपणा उतरतो. हे काम करणाऱ्या पाचकद्रव्यांपैकी एक आहे अमायलेझ, आणि त्याच घराण्यातले एक द्रव्य आपल्या लाळेत असते. भाताचा घास बराच वेळ चावला तर गोड लागतो तो त्यामुळे. म्हणजे आंबा अढीत जे करतो, तेच आपण तोंडात करतो!

ह्या चुलीचाही जाळ बेताचाच हवा. हापूस कापावा, बाहेरून केशरी देखणा, आणि आत बाठ्याभोवती पांढरट, फुसका, आंबट गर निघावा, ह्यासारखी निराशा नाही. ह्यालाच साका म्हणतात. वरून काही कळत नाही, म्हणून बागाईतदाराची पत जाते ती गिऱ्हाइकाच्या ताटात. साक्याच्या कारणांत उन्हाने तापलेल्या जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेकडे संशोधकांनी बोट दाखवले आहे. बाठ्यातले बी अवेळी रुजू पाहते, असेही दिसून आले आहे. रत्नागिरीचा कातळ मे महिन्यात कसा भाजतो हे अनवाणी चाललेल्याला विचारावे! झाडाखाली गवत-पाल्याचे आच्छादन करणे आणि फळ झाडावर फार जून होऊ न देता उतरणे, हे त्यावरचे उपाय. पेंढा अढीत ऊब आत राखतो आणि झाडाखाली ताप बाहेर अडवतो. मंदवाहक तोच, काम मात्र दोन्ही परींचे.

अढीची घाई करण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या ठेवण्याची खोड पुढे व्यापारात शिरली. त्यातून निघणाऱ्या वायूने साल पिवळी होते, पण गर मागेच राहतो, आणि त्या पुडीत विषारी अशुद्ध द्रव्ये असू शकतात. कायद्याने ह्या प्रकाराला बंदी आहे. पिकणे हे फळाचे स्वतःचे काम आहे; आपण फक्त ऊब राखावी.

हाडामांसाची चूल

तिसऱ्या चुलीची गोष्ट सांगताना आजही माझा हात थोडा थांबतो.

माझ्या लहानपणीचा आषाढ. पाऊस चार दिवस उघडला नव्हता आणि व्हाळाचे पाणी साकवावरून वाहत होते. धाकट्या काकूच्या दीड वर्षाच्या मुलीला जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे खोल गेले, ओठ सुकले, आणि रडताना डोळ्यांतून पाणी येईना. डॉक्टर पलीकडच्या गावी. रात्री जाणे अशक्य. शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ येऊन म्हणाले, "वहिनी, अग्नी मंद झालाय. पोटात काही घालू नका, पाणीसुद्धा नको. घातलं की बाहेर पडतंय."

जुनी माणसे असेच म्हणत. आजीने त्यांचे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, "भावोजी, रोप सुकायला लागलं की आपण पाणी तोडतो का?" तिने पातळ पेज केली, चिमटीने मीठ घातले, ती कोमट केली आणि काकूला सांगितले, "चमच्या-चमच्याने घाल. ओकली तर थोडं थांब, आणि पुन्हा घाल. अंगावरचं दूधही चालू ठेव." दोघी आळीपाळीने रात्रभर बसल्या. कंदिलाच्या उजेडात चमचा वाटीला लागल्याचा आवाज मी अंथरुणातून ऐकत होतो. पहाटे मुलगी रडली, आणि गालावर पाणी दिसले. घरातले रडे ऐकून सगळी हसल्याचे मला तेवढे एकदाच आठवते. पाणी उतरल्यावर डॉक्टर आले. तिला तपासून ते म्हणाले, "रात्री पेज पोटात गेली नसती, तर मला यायला उशीर झाला असता."

आजीचे बरोबर का निघाले? 'जठराग्नी' हा शब्द सुंदर आहे, परंतु जठरात अग्नी नसतो. तिथे तीव्र आम्ल व पाचकरस असतात. अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या माणसाच्या पोटाला 1822 साली गोळी लागून कायमचे छिद्र राहिले. त्यातून बोमाँट ह्या अमेरिकन डॉक्टरने जठरात डोकावून पाहिले आणि 1833 साली आपले प्रयोग पुस्तकरूपाने मांडले. बाहेर काढलेला जठररस कोमट ठेवला तर तो बाटलीतही मांस विरघळवतो, हे त्याने दाखवले. जठर आणि आतडी म्हणजे आपला पाटा-वरवंटा. स्टार्चची साखर, प्रथिनांची अमिनो आम्ले, मेदाचे बारीक घटक असे सारे बारीक होऊन लहान आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाते. खरे ज्वलन पुढे होते, शरीराच्या प्रत्येक पेशीत. तेही अढीतल्या आंब्यासारखे, ज्वालेवाचून. एक ग्रॅम साखर किंवा प्रथिन सुमारे 4 किलोकॅलरी देते, तर मेद 9. दिवाळीचा फराळ अंगी का लागतो त्याचे उत्तर ह्या आकड्यात आहे! स्वस्थ पडलेल्या प्रौढ माणसाच्या अंगातून सुमारे 80 वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर पडत असते.

जुलाबात धोका सरपण संपण्याचा नसतो, पाणी आणि क्षार निघून जाण्याचा असतो. नुसते पाणी पाजले तर ते पुरेसे शोषले जात नाही. परंतु आतड्याच्या भिंतीत अशी दारे आहेत, की जिथून साखरेचा कण मिठातल्या सोडियमला सोबत घेऊनच आत शिरतो, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. पुष्कळशा जुलाबांत ही दारे शाबूत राहतात. रॉबर्ट क्रेन ह्या शास्त्रज्ञाने 1960 साली प्राग येथे ही कल्पना मांडली. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ आली. बनगाव येथे शिरेतून द्यायचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते नातेवाइकांच्या हाती दिले, रोग्याला पाजायला. मृत्यूचे प्रमाण शेकडा 30 वरून शेकडा 4 च्या खाली आले. 1978 साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्राने हा शोध कदाचित शतकातला सर्वांत महत्त्वाचा ठरेल, असे म्हटले. 2022 साली डॉक्टर निवर्तले. पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

आजीच्या पेजेत मीठ होते, पाणी होते, आणि शिजलेल्या स्टार्चमधून आतड्यात सावकाश सुटणारी साखर होती. तिला सोडियमचे नाव ठाऊक नव्हते; पण तिचा हात बरोबर ठिकाणी पडला होता.

गृहिणींनी एवढे मात्र ध्यानी ठेवावे. आता जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, पुडी औषधाच्या दुकानात मिळते. ती दोन तरी घरात असावीत आणि पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात मिसळावी. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नये. अंगावरचे दूध तोडू नये, अन्न बंद करू नये. मूल मलूल झाले, लघवी थांबली, पिऊ शकेना किंवा शौचात रक्त दिसले, तर पेजेवर विसंबून न राहता तत्काळ डॉक्टर गाठावा.

आमच्या घरातली मातीची चूल आता गेली, गॅस आला. अढी मात्र दर वैशाखात लागते. आणि आषाढातली ती मुलगी आज दोन मुलांची आई आहे. दिवाळीला ती माहेरी येते, तेव्हा फराळाच्या चौथ्या दिवशी सर्वांचीच पोटे कुरकुरू लागतात. मग ती मुकाट्याने उठते, उकड्या तांदळाची पेज ठेवते, आणि उकळी फुटली की शेगडी बारीक करून मुलांना म्हणते, "उकळीला उकळी येत नाही, बरं का!"