सत्तावीस हजारांतले ८३

नोव्हेंबर १९५५. न्यू ऑर्लिन्समध्ये रस्त्यावर मिरवणूक चालली आहे आणि छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक तिचे फोटो काढतो आहे. सहज मागे वळतो, तर मागून ट्राम चाललेली. तो एकदाच बटण दाबतो.

त्या एका फ्रेममध्ये काय काय सापडलंय पाहा! ओळीनं पाच खिडक्या. पहिलीत काचेआड धूसर झालेला गोरा पुरुष, दुसरीत करड्या नजरेची गोरी बाई, मधल्या खिडकीत नीटनेटक्या कपड्यांतली दोन गोरी मुलं. त्यांच्यामागे थेट कॅमेऱ्याकडे बघणारा, थकलेल्या डोळ्यांचा कृष्णवर्णीय माणूस आणि शेवटी एक कृष्णवर्णीय बाई. गोऱ्यांनी पुढे बसायचं, काळ्यांनी मागे, हा तेव्हाचा तिथला नियम. फ्रँकनं यातलं काहीही जुळवून आणलेलं नाही. खिडक्यांच्या उभ्या पट्ट्यांनीच माणसांचे कप्पे पाडले आहेत. काही आठवड्यांतच, १ डिसेंबरला, मॉन्टगोमेरीत रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईनं असाच नियम झुगारून बसमधली जागा सोडायला नकार दिला.

फ्रँकचा जन्म १९२४ साली झुरिकमधल्या ज्यू कुटुंबात झाला. शेजारी नाझी राजवट असताना तो वाढला आणि १९४७ मध्ये, बाविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कला आला. ‘हार्पर्स बझार’साठी फॅशनचे फोटो काढू लागला. १९५५ मध्ये गुगेनहाइम फेलोशिप मिळाली, तेव्हा जुनी फोर्ड गाडी घेऊन तो अमेरिका बघायला निघाला. तिथल्या सगळ्यांना अमेरिका बघून बघून सवयीची झाली होती. याला सगळंच नवं. बारमधला ज्यूकबॉक्स, पेट्रोल पंप, हमरस्ता, जागोजागी लावलेले झेंडे, असल्या गोष्टींवर तो रीळ खर्च करत होता. आर्कान्सामध्ये तर पोलिसांनी त्याला पकडून कोठडीत टाकलं. परदेशी उच्चार, गाडीत कॅमेरे, म्हणजे हा कम्युनिस्ट हेर असणार! ट्रामचा फोटो त्यानंतर थोड्याच दिवसांतला.

हातात छोटा लायका कॅमेरा, आत ३५ मिलिमीटरची फिल्म. ट्रायपॉड नाही की लख्ख फ्लॅश नाही. अंधाऱ्या बारमध्येही असेल तेवढ्या उजेडात तो फोटो घेई. त्यामुळे चित्र रवाळ येई, कधी हललेलं, कधी तिरपं. पण त्या रवाळपणामुळेच तुम्ही तिथं कोपऱ्यात उभे आहात असं वाटतं.

सुमारे २७,००० फ्रेम्स जमल्या. त्यांतून पुस्तकासाठी त्यानं निवडले फक्त ८३, आणि खरी जादू इथून सुरू होते. पहिल्या फोटोत होबोकेनमधल्या एका इमारतीच्या दोन खिडक्यांत दोन बायका आहेत. एकीचा चेहरा फडकत्या झेंड्यानं झाकून टाकलाय. पुढे हा झेंडा गाण्यातल्या ध्रुवपदासारखा परत परत येतो, दर वेळी वेगळ्या अर्थानं. एका पानावर लाँग बीचमध्ये ताडाच्या झाडांमध्ये उभी केलेली, चकचकीत कापडानं झाकलेली मोटार. पान उलटा: ॲरिझोनात रस्त्याकडेला घोंगडीखाली अपघातात दगावलेली माणसं, बाजूला उभे लोक. आणखी एक पान: न्यू मेक्सिकोतला अंधारात क्षितिजापर्यंत सरळ गेलेला रस्ता. सुटासुटा पाहिला तर प्रत्येक फोटो साधा. एकामागोमाग पाहिले की मोटारीचं वेड आणि त्याची किंमत, दोन्ही कळतं. समजावणारा एक शब्दही नसतो.

हे पुस्तक आधी १९५८ मध्ये पॅरिसला निघालं. त्या आवृत्तीत फोटोंसमोर इतर लेखकांचे अमेरिकेवरचे उतारे छापले होते. १९५९ च्या अमेरिकी आवृत्तीत, ‘द अमेरिकन्स’मध्ये, ते गेले. लेखक जॅक केरुआकची प्रस्तावना आली आणि प्रत्येक फोटोसमोर उरलं ते जवळजवळ कोरं पान, त्यावर जागेचं नाव. अमेरिकी फोटोग्राफी मासिकांतले समीक्षक संतापले. त्यांना छायाचित्रं गचाळ वाटली आणि देशाची बदनामी दिसली. पुढच्या पिढीतल्या छायाचित्रकारांनी मात्र हेच पुस्तक पाठ्यपुस्तकासारखं वापरलं.

कुठे हाती आलं, तर मधूनच उघडून प्रसिद्ध फोटो शोधू नका. पहिल्या पानापासून, क्रम न मोडता बघा. फ्रँकला जे म्हणायचं होतं, त्यातलं निम्मं दोन फोटोंच्या मधल्या जागेत आहे.