गाडी मधूनच का अडखळते?

मोटार एकदम बंद पडली, तर मिस्त्री तिचा दोष लवकर शोधतो. पण काही गाड्या मोठ्या लबाड असतात. चालता चालता झटके देतात आणि कोसभर गेल्यावर आपोआप नीट चालतात. मिस्त्रीच्या दारात उभी केली, की दोष गायब! आपल्याकडे याला 'गाडी मिसिंग मारते' असे म्हणतात.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात हा दोष साधा समजू नका. आलापल्लीहून भामरागडकडे निघाले, की साठेक किलोमीटर बहुतेक जंगलच. गाडीत कधी बाळंतपणाला निघालेली बाई असते. कधी तापाने फणफणलेले पोर असते. तिथे गाडी अडली, तर गाठ जिवाशी असते. म्हणून हा दोष कसा ओळखावा, हे गाडी चालवणाऱ्याने आणि मालकाने समजून घ्यावे.

उदाहरणाला जुनी मारुती व्हॅन घेऊ. ही गाडी १९८४ साली निघाली. पुढे तिला ओम्नी हे नाव मिळाले. २०१९ साली ती बनवणे बंद झाले, पण जुन्या व्हॅन अजून रस्त्यावर आहेत. तिचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. त्यात ३ सिलिंडर आणि ३ प्लग असतात. इथे कार्बोरेटरच्या पेट्रोल गाडीची माहिती दिली आहे. पुढे इंजेक्शनची व्हॅन आली. तिची तपासणी यंत्र लावून करून घ्यावी.

ठिणगी कशी पडते?

चूल पेटवायला काडी लागते. इंजिनालाही लागते. त्याची काडी म्हणजे प्लगची ठिणगी. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा येते, ती दाबली जाते, मग ठिणगी पडते. भडका उडतो आणि इंजिन फिरते.

बॅटरीची वीज फक्त १२ व्होल्टची. तेवढ्याने ठिणगी पडत नाही. कॉइल नावाचा डबा ती वीज हजारो व्होल्टची करतो. मग डिस्ट्रिब्युटर, म्हणजे मिस्त्रींचा 'डेल्को', ती पाळीपाळीने एकेका प्लगला देतो. पंगतीत वाढपी एकेका पानावर वाढत जातो, तसेच हे.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एक प्लग मिनिटाला १५०० ठिणग्या टाकतो. म्हणजे सेकंदाला २५! यांतल्या थोड्या चुकल्या, तरी गाडी झटका देते.

आधी वही, मग पाना

बरेच लोक काय करतात? आज प्लग बदलतात, उद्या कॉइल बदलतात, परवा बॅटरी. पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो. त्याआधी गाडीत एक वही ठेवा. दोष आला, की गाडी थांबवून दोन ओळी लिहा. अशा:

'१२ जुलै. सकाळी पाऊस. इंजिन थंड. दोन किलोमीटर झटके. मग नीट.'

अशा चार-पाच नोंदी झाल्या, की वाचून पाहा. दोष केव्हा येतो हे कळले, की तो कुठे आहे याचा माग लागतो.

पावसात येतो? मग ओल लागली आहे. प्लगच्या जाड वायरी आणि डेल्कोचे झाकण पाहा. त्यांना बारीक तडा असेल, तर वीज तिथूनच लोखंडात पळते. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून लांबून पाहा. निळी ठिणगी दिसेल तिथे चोर आहे. इंजिन बंद करून झाकण आणि वायरी कोरड्या फडक्याने पुसा. तडा असेल, तर ते बदला.

उन्हात, इंजिन तापल्यावर येतो? चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. पारा ४५ अंशांच्या वर जातो. तापलेली कॉइल कधी कधी काम सोडते, आणि निवली की पुन्हा करते. पण अति उष्णतेने नळीतल्या पेट्रोलचीही वाफ होते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. मग ओळखायचे कसे? गाडी बंद पडली, की लगेच ठिणगी तपासा. ठिणगी नसेल, तर दोष विजेचा. ठिणगी चांगली असेल, तर पेट्रोलकडे पाहा.

खड्ड्यात येतो? मग कुठेतरी वायर सैल आहे. बॅटरीची टोके हलवून पाहा. कॉइलच्या बारीक वायरी पाहा.

चढावर, गाडी भरलेली असताना येतो? प्लग झिजला असेल, किंवा पेट्रोलचा फिल्टर कचऱ्याने भरला असेल. बहुधा ठिणगी चुकली, तर झटका ताडकन बसतो. पेट्रोल कमी पडले, तर गाडी हळूहळू दम सोडते.

तिघांतला चोर कोण?

झटके चालू असतानाच हे करा. इंजिन बंद करा. एका प्लगची वायर काढा. ती जादा प्लगला लावा आणि त्या प्लगचे लोखंड इंजिनाच्या लोखंडाला टेकवून पक्के बसवा. मग इंजिन थोडा वेळ चालू करा. वायर हातात धरू नका, जबर झटका बसतो. पेट्रोल किंवा गॅसचा वास येत असेल, तर हे मुळीच करू नका.

चांगल्या सिलिंडरची वायर काढली, तर इंजिन आणखी लंगडेल. काही फरक पडला नाही, तर तोच सिलिंडर कामचुकार. आता त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष प्लगबरोबर शेजारी गेला, तर प्लग खराब. दोष जागेवरच राहिला, तर त्याची वायर पाहा. एका वेळी एकच वस्तू बदला. दोन बदलल्या, तर कोणती खराब होती ते कधीच कळणार नाही.

दिवे आणि वायरी

हे डिझेलच्या जीपलाही लागू आहे. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो? मग बहुधा 'अर्थ' खराब आहे. वीज बॅटरीतून दिव्याकडे जाते आणि गाडीच्या लोखंडातून परत येते. ती परतीची वाट म्हणजे अर्थ. तिथे गंज चढला, की वीज अडते आणि भलत्याच वाटेने जाते. तो सांधा खोला, काचकागदाने घासा आणि घट्ट आवळा.

चांगली भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना मीटरवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू केले, की आकडा चौदाच्या जवळ गेला पाहिजे. वाढला नाही, तर बॅटरी भरत नाही. पट्टा आणि आल्टरनेटर तपासून घ्या.

गाडी बरेच दिवस उभी असेल, तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही पाहा.

फ्यूज वारंवार जळतो? मग वायर कुठेतरी लोखंडाला घासते आहे. फ्यूजच्या जागी जाड तार कधीही घालू नका. फ्यूज हा घराचा राखणदार आहे. त्याला बाजूला सारले, तर वायर पेटेल. आणि या गाडीत इंजिन माणसांच्या सीटखालीच आहे, हे विसरू नका.

बॅटरीजवळ बिडी ओढू नका, तिच्यातून निघणारा वायू भडकतो. टोके सोडताना आधी वजा खुणेचे सोडा.

आपल्याने झाले नाही, तर मिस्त्रीकडे जा. पण नुसते 'गाडी मिसिंग मारते' एवढे सांगू नका. वही त्याच्या हातात द्या. त्याचा दिवस वाचेल, तुमचे पैसे वाचतील. आणि जंगलच्या वाटेवर रात्री पेशंट घेऊन निघाल, तेव्हा गाडीचा भरवसा राहील.