भर उन्हाळ्यात तान्ह्या बाळाला पाणी का नको

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि घरात तान्हं बाळ असलं की कोणाच्या तरी हातात वाटी-चमचा येतोच. आपल्या घशाला कोरड पडते, मग त्याच्या पडत नसेल का? पडते. पण ती तहान अंगावरच्या दुधानेच भागते.

आईच्या दुधात सुमारे 87 ते 88 टक्के पाणी असतं. खरी खुबी मात्र उरलेल्या भागात आहे. शरीरातले जादा क्षार आणि प्रथिनांपासून होणारा युरिया मूत्रपिंडं पाण्यात विरघळवून बाहेर टाकतात. बाळाची मूत्रपिंडं अजून कच्ची असतात; मोठ्या माणसाइतकी दाट लघवी त्यांना करता येत नाही, म्हणून तेवढ्याच कामाला त्यांना पाणी जास्त लागतं. आईच्या दुधात क्षार आणि प्रथिनं दोन्ही बेताचीच. गाईच्या दुधात प्रथिनं जवळजवळ तिप्पट, सोडियमही तसंच. त्यामुळे आईच्या दुधावरच्या बाळाजवळ लघवीपुरतं पाणी खर्चूनही शिल्लक राहतं आणि घाम-श्वासातून जाणारं पाणी त्यातून भरून निघतं. दिल्लीच्या उन्हाळ्यात हर्षपाल सिंग सचदेव आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. 1991 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. फक्त आईच्या दुधावरच्या बाळांना वरच्या पाण्याची गरज दिसली नाही.

पाजायला घेतल्यावर आधी येणारं दूध पातळ असतं, स्निग्धांश पुढे वाढत जातो. उकाड्यात बाळ थोडं थोडं, पण वारंवार मागतं, ते यामुळे सोयीचंच ठरतं. 'आत्ताच तर प्यायलं' म्हणून त्याला थोपवू नये. झोपाळू नवजात बाळाला उठवून पाजावं.

चमचाभर पाण्याने काय बिघडतं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण पोट इवलंसं. पाण्याने भरलं की बाळ दूध कमी ओढतं आणि कमी ओढलं की दूधही कमी तयार होतं. पाणी फार झालं तर रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. पाणी किंवा बाटली अस्वच्छ असेल तर जुलाब, आणि उन्हाळ्यात जुलाबाइतकं बाळाला सुकवणारं दुसरं काही नाही. साखरपाणी आणि घुटीलाही हेच लागू. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको.

दूध पुरतंय का, हे लंगोट सांगतात. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत निदान 6 वेळा फिकट लघवी व्हायला हवी. लघवी गडद व कमी, तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली, बाळ मलूल, पिण्यात जोर नाही, यांपैकी काही दिसलं तर घरी पाणी पाजून वाट बघू नये. पाजत पाजतच दवाखाना गाठावा. कोवळ्या बाळाचं अंग 38 अंशांवर गेलं तरी तेच.

या दिवसांत कुंची आणि जाड दुपटी बाजूला ठेवून एकच सुती झबलं पुरे. कूलर चालू असावा, झोत अंगावर नको. बाळंतिणीचं पाणी तोडण्याची रीत काही घरांत अजून आहे, ती या उन्हात तरी सोडाच: पाजायला बसताना तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या हवा.

6 महिने पूर्ण होऊन वरचं अन्न सुरू झालं की त्याबरोबर उकळून गार केलेलं पाणी वाटीने, घोट घोट द्यावं. अंगावरचं दूध चालूच.