ऊन आणि धूर

जामनेर तालुक्याला वैशाखातले ऊन नवे नाही. मे महिन्यात जळगाव जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे येथील रयतेच्या अंगवळणी पडले आहे. परंतु हवामानबदलामुळे उष्णतेच्या लाटा जेव्हा अधिक वारंवार येऊ लागतात आणि रात्रही पुरेशी निवत नाही, तेव्हा दिवसभर शिणलेल्या हृदयाची विसाव्याची हक्काची मुदतच हिरावली जाते. त्वचेकडे अधिक रक्त धाडून घामावाटे उष्णता घालवावी, ही शरीराची तजवीज; मात्र पाणी आणि क्षार घटले, रक्त दाटले आणि अंतर्गत तापमान ४० अंशांपलीकडे जाऊन मनुष्य बरळू लागला, तर तो उष्माघात समजून, अंगावर पाणी ओतीत, त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे.

उन्हाच्या जोडीला येथे धूरही आहे. कापूस निघाल्यावर शेतात पेटविलेल्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, धुरातले २.५ मायक्रॉनहून लहान कण नाकाचा पहारा चुकवून फुप्फुसाच्या वायुकोशांत उतरतात, तेथे दाह उत्पन्न करतात, आणि काही रक्तातही शिरतात. म्हणूनच हे दुखणे खोकल्यावर न थांबता हृदयविकार आणि पक्षाघातापर्यंत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम ठरविली. आपल्या देशात ती ४० आहे, आणि ही तफावत मला अस्वस्थ करते.

उन्हात निंदणी करून आलेली बाई संध्याकाळी त्याच पऱ्हाट्यांच्या चुलीपुढे बसते, तेव्हा दोन्ही ताप तिच्याच वाट्याला येतात. तिच्याकरिता कामाची वेळ पहाटेकडे सरकवावी, बांधावर पाण्याचा माठ ठेवावा, स्वयंपाकाला गॅस द्यावा, आणि शेतातल्या पऱ्हाट्या न जाळता त्यांची कुट्टी करून जमिनीतच गाडावी.