भीमातीरावरील पेडगांव

मुळा-मुठा व भीमा या नद्यांच्या मधल्या सुपीक पट्ट्यास दौंड तालुक्यांत राहू बेट म्हणतात. तेथील ऊंस व गूळ पुणेकरांच्या परिचयाचा आहे. मुळा-मुठेचें पाणी घेऊन भीमा दौंडच्याही खालीं गेली, म्हणजे तिच्या डाव्या तीरावर पेडगांव लागतें. हें गांव श्रीगोंदे तालुक्यांत, अहिल्यानगर जिल्ह्यांत मोडतें.

गांव लहान, पण नांव घरोघर ठाऊक! सर्व समजत असून अज्ञानाचें सोंग आणणारा 'वेड पांघरून पेडगांवला' जातो, असें मराठींत म्हणतात. या म्हणीचा संबंध लोक येथील एका फजितीशीं जोडतात. औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान यानें १६७२ च्या सुमारास येथें छावणी करून किल्ला बांधिला, तोच बहादूरगड. मोकळें मैदान व बारमाही पाणी, घोडदळास आणखी काय हवें? १६७४ च्या जुलैंत मराठ्यांच्या एका तुकडीनें खानास हुलकावणी देऊन छावणीपासून दूर नेलें. इकडे शिवाजीमहाराजांनीं छावणी लुटली. एक कोटीची लूट व दोनशें उत्तम घोडे हातीं लागल्याचें सांगतात.

परंतु हंसूं तेथेंच थांबतें. १६८९ च्या फेब्रुवारींत संगमेश्वरीं पकडलेले संभाजीमहाराज व कवि कलश यांना बादशहाच्या याच छावणींत आणिलें. विदूषकाचा वेष चढवून, उंटावर बसवून त्यांची धिंड काढली. महाराज नमले नाहींत. ११ मार्च रोजीं, भीमेच्याच वरच्या अंगास, तुळापूर-वढूच्या परिसरांत त्यांचा वध झाला. म्हणजे एकाच नदीनें या कथेचे दोन्ही अंक पाहिले. २००८ सालीं गडास धर्मवीरगड हें नांव देण्यांत आलें.

किल्ला भुईकोट आहे. तट ठिकठिकाणीं ढासळला असला तरी आंतील देवळें मात्र अवश्य पाहावींत. तीं किल्ल्याहून कितीतरी जुनीं, यादवकालीन मानिलीं जातात. बाळेश्वर, मल्लिकार्जुन, रामेश्वर इत्यादि देवळांत लक्ष्मीनारायणाचें सर्वांत देखणें. त्याच्या बाह्य भिंतीवरील सुरसुंदरींपुढें घाईनें चालणाऱ्याचेंही पाऊल अडखळतें. देवळांकडे मंडळी वळतात थोडीं, आणि हें खेदाचें आहे. नदीकडील बाजूस हत्तीच्या मोटेचे अवशेष आहेत. मोटेनें उपसलेलें भीमेचें पाणी खापरी नळांतून वाड्यांत खेळवीत. जवळच वापरांतील नदी असतां विहिरीवर विसंबून न राहण्याची ही हिकमत विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविण्याजोगी आहे.

दौंड हें जवळचें मोठें रेल्वेस्थानक. पावसाळ्यानंतर, गवत वाळल्यावर गेल्यास तट व देवळें नीट न्याहाळतां येतात. सकाळीं निघाल्यास नदीच्या त्याच तीरानें खालीं सिद्धटेकच्या सिद्धिविनायकाचें दर्शनही दिवसांत साधतें. उजव्या सोंडेच्या त्या गणपतीचें देऊळ अहिल्याबाई होळकरांनीं बांधविलें. पूर्वीं यात्रेकरू पलीकडच्या शिरापूरहून नावेनें येत; आतां पूल झाला आहे.