काळ्या चित्राचा अर्थ काय घ्यायचा?

कोड बिनचूक, कन्सोलवर एकही एरर नाही, आणि पडद्यावर नायक कमरेपर्यंत जमिनीत रुतलेला. गेम बनवणाऱ्यांना हे रोजचंच. माणूस एक नजर टाकतो आणि ओळखतो. पण हल्ली कोड लिहायला बसवतात त्या एआय एजंटपुढे फक्त मजकूर असतो. लॉग स्वच्छ दिसला की काम फत्ते असं तो खुशाल सांगून मोकळा होतो. म्हणून त्याच्या हाती स्क्रीनशॉटचं टूल द्यावं लागतं. हे टूल लिहिणं एका दुपारचं काम आहे. खरी कसोटी लागते ती त्याचं डॉक्युमेंटेशन लिहिताना.

गोडो या गेम इंजिनाचं उदाहरण घेऊ. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झूर यांनी घडवलेलं हे इंजिन २०१४ साली एमआयटी परवान्याखाली सर्वांना खुलं झालं. नाव नाटककार बेकेटच्या, गोडोची वाट पाहणाऱ्यांवरच्या नाटकावरून घेतलेलं, आणि वाट पाहण्याचा मुद्दा आपल्याकडेही येणारच आहे! एजंटला अशा इंजिनाशी जोडायला आज बहुतेक जण एमसीपी वापरतात. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेलं हे खुलं मानक. त्यात प्रत्येक टूलला एक नाव, एक वर्णन आणि कोणती माहिती द्यायची याचा आराखडा असतो. मॉडेलला टूलची ओळख होते ती एवढ्यावरूनच. माणूस अडला की डॉक्स उघडतो, नाहीतर शेजारच्याला विचारतो. एजंट त्या चार ओळी वाचून थेट कामाला लागतो.

त्या चार ओळींत बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं, ‘स्क्रीनशॉट घेतं.’ कशाचा? गोडोमध्ये एडिटर आणि चालू गेम या दोन वेगळ्या प्रोसेस असतात. ४.४ आवृत्तीपासून गेमची खिडकी एडिटरच्या आतच दिसू शकते, पण प्रोसेस वेगळीच राहते. एडिटरमधल्या प्लगिनने स्वतःचा व्ह्यूपोर्ट, म्हणजे चित्र उमटतं ती चौकट, टिपला तर मिळेल ते एडिटरमधलं दृश्य. शत्रू कुठवर आला ते त्यात नसणार. युनिटी या दुसऱ्या इंजिनात प्ले मोड एडिटरच्याच प्रोसेसमध्ये चालतो, त्यामुळे तिथली सवय इथे कामाची नाही.

आता वाट पाहणं. सीन नुकताच सुरू होताना व्ह्यूपोर्टचं चित्र मागितलं तर ते कोरं किंवा काळं येऊ शकतं, कारण अजून काही रेखाटलंच गेलेलं नसतं. गोडोत त्यासाठी ‘फ्रेम पोस्ट ड्रॉ’ हा सिग्नल येईपर्यंत थांबतात, युनिटीत ‘वेट फॉर एंड ऑफ फ्रेम’. त्याहून फसवा प्रकार हेडलेस मोडचा, म्हणजे पडद्याशिवाय चालवण्याचा. सर्व्हरवर गोडो असं चालवलं की रेखाटन होतच नाही, मग चित्र कुठून येणार? अशा वेळी टूलने काळं चित्र परत करणं हा माझ्या मते सर्वांत महागडा दोष आहे. एजंट ते पाहून सीनमध्ये दिवे कमी आहेत असा निष्कर्ष काढू शकतो, आणि मग दिव्यांवर दिवे लावत सुटतो. तिथे चित्र नको, स्पष्ट एरर हवी. आणि ती येणार हे वर्णनातही लिहायला हवं.

मी ते वर्णन साधारण असं लिहीन: ‘चालू गेमच्या मुख्य व्ह्यूपोर्टचं, शेवटच्या पूर्ण झालेल्या फ्रेमचं चित्र देतं. एडिटरची पॅनेलं त्यात येत नाहीत. गेम बंद असेल किंवा हेडलेस चालू असेल तर एरर मिळेल. मांडणी, रंग, एकमेकांवर चढलेल्या वस्तू तपासायला वापरा. एखाद्या नोडची नेमकी जागा हवी असेल तर चित्रावरून अंदाज करू नका, नोडची माहिती देणारं टूल वापरा.’ शेवटचं वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ते नसेल तर एजंट उठसूट चित्रं मागवतो.

आणि चित्रं फुकट नसतात. क्लॉड या आपल्या मॉडेलसाठी अँथ्रॉपिकने दिलेला ठोकताळा असा: रुंदी गुणिले उंची, भागिले ७५०. म्हणजे १२८० × ७२० चं एक चित्र सुमारे १,२३० टोकन खातं, ६४० × ३६० चं जेमतेम ३०७. म्हणून चित्र लहान करून पाठवणं शहाणपणाचं. मात्र मग ते किती पट लहान केलं हे चित्रासोबत मजकुरात द्यायला हवं. निम्म्या आकाराच्या चित्रात २००, १०० वर दिसणारं बटण गेममध्ये ४००, २०० वर असतं. हे सांगितलं नाही तर एजंट रिकाम्या जागी क्लिक करतो आणि बटण बिघडलंय असं कळवतो. त्याच मजकुरात फ्रेमचा क्रमांक आणि चालू कॅमेऱ्याचं नावही द्यावं.

हे सगळं लिहून झालं की ते एजंटवरच पारखून बघता येतं. एका सीनमध्ये मुद्दाम दोष पेरायचा, समजा आयुष्याची पट्टी पडद्याबाहेर सरकवायची, आणि कोऱ्या संभाषणात एजंटला फक्त ‘मांडणी तपास’ एवढं सांगायचं. त्याने टूल केव्हा वापरलं, किती वेळा, आणि एरर आल्यावर काय केलं, ते लॉगमध्ये दिसतं. जिथे तो भरकटला असेल, वर्णनातलं तेच वाक्य पुन्हा लिहायला घ्यायचं.