गुरांमागे गेलेली शाळा

वारली पाड्यावरचं पोर सकाळी गुरं घेऊन बाहेर पडायचं ते दिवेलागणीलाच घरी यायचं. ते शाळेत बसलं तर गुरं कुणी राखायची? डहाणूजवळच्या कोसबादच्या टेकडीवर हा प्रश्न बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी काढलेली वाट मला अजूनही थक्क करते. पोराला गुरांपासून तोडायचं नाही, शाळाच गुरांमागे धाडायची! गुरं चरतील तिथे वर्ग. नाव कुरणशाळा.

अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. त्या जिद्दीने शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९४५ साली ताराबाईंबरोबर काम करायला बोर्डीला आल्या; तिथून हे काम पुढे कोसबादला गेलं. ताराबाईंनी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत मॉण्टेसरी पद्धत पचवली होती. पण तिची साधनं महागडी, लाकडात घडवलेली. पाड्यावर ती कुठून यायची? मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली.

ही नुसती काटकसर नव्हती. जमिनीवरचा एक चिंचोका उचलून बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. लेखणी धरायलाही हीच तीन बोटं लागतात. बिया वेचून राशी लावणारं मूल मोजायला शिकतंच, पण त्याची बोटंही नकळत लिहायला तयार होत असतात. ही पद्धत काढणाऱ्या मॉण्टेसरीबाईंनाही हेच दिसलं होतं. त्यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडलं. तिथली मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत, आणि एक दिवस चार-पाच वर्षांची पोरं वाचायच्या आधी लिहू लागली. उलटं वाटतं ना? पण लिहिताना शब्द मुलाच्या मनात असतोच, हाताने तो फक्त बाहेर काढायचा. वाचताना मात्र दुसऱ्याच्या मनातला शब्द खुणांवरून ओळखायचा. ते जास्त अवघड. त्यात देवनागरी शिकणाऱ्या मुलाचं भाग्य असं, की ‘क’चं नावही क आणि उच्चारही क, त्यामुळे मनातला शब्द सरळ अक्षरांत उतरतो.

इकडे पाड्यावरच्या चिमुकल्यांसाठी शाळा आणखी जवळ गेली, थेट अंगणात. आधी मुलांना न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. ही अंगणवाडी. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. आज केरळातली आईसुद्धा लेकराला अंगणवाडीतच सोडून येते.